मागची सीट

"बाबा आयुष्यात कधी सेडानशिवाय दुसऱ्या गाडीत बसला नाही… आणि आता तुम्हाला उंच गाडी हवी झाली, होय ना?"

इंगविल्डने कप असा काही आदळला की जॅमचा चमचा ताटलीतून उडून मेणकापडावर पडला. तुरीड ओट्याशी पाठमोरी उभी होती. वॅफलच्या साच्यातून वाफ निघत होती आणि त्या वाफेत तिने आपला चेहरा लपवला.

काय उत्तर देणार होती ती? जुन्या निळ्या सेडानचा तळ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पार कुरतडून टाकला होता, तपासणीत ती नापास झाली होती, म्हणून दुसरी गाडी घेणे भाग होते. त्यावेळी फोनवर तुरीड भीत भीत एवढेच म्हणाली होती, "या वेळी जरा उंच बघायची का? क्रॉसओव्हर का काय म्हणतात, तसली?" आणि त्या एका वाक्यापायी सावत्र लेक ओस्लोहून दिवसभर आगगाडीत बसून घरी आली होती… भांडायला!

"रोजचं तुमचं जाणं-येणं असतं तरी कुठं?" इंगविल्डचा आवाज चढतच गेला. "दुकान, दवाखाना आणि बाबाला वृद्धांच्या केंद्रात सोडायचं, आणायचं. त्यात डोंगर कुठं चढायचाय? सेडान रस्त्याला धरून चालते. पुलावर वारा असला तरी डुलत नाही. आत किती शांत असतं! मागं बाबाचा वॉकर आडवा मावतो. ती उंच गाडी कशाला हवी? ताठ बसून गावाला दाखवायला?"

"इंगविल्ड!" खिडकीशी बसलेला आस्बियोर्न म्हणाला. त्याच्या नजरेच्या मधोमध आता काळे डाग होते. माणसांच्या कडा तेवढ्या त्याला दिसत. "आईशी असं बोलतात का?"

"ती माझी आई नाही, बाबा."

हे तिने रागाने म्हटले नाही. अगदी शांतपणे म्हटले, आणि म्हणूनच ते तुरीडच्या काळजात खोल रुतले.

"सेडानच घेऊ या," ती वळून म्हणाली आणि हसली. "चांगलीच असते ती. मी आपलं उगीच काहीतरी बोलून गेले."

उगीच…!

तुरीड या घरात आली तेव्हा इंगविल्ड तेरा वर्षांची होती. त्या काळी फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांमधून आत आलेल्या समुद्राच्या खाडीवर, पूल नव्हता. तुरीड फेरीबोटीच्या उपाहारगृहात वॅफल भाजायची. नुकताच विधुर झालेला एक उंच, अबोल माणूस आणि त्याची घट्ट वेणी घातलेली मुलगी रोज सकाळी त्या बोटीने पलीकडे जात. मुलगी वॅफल घ्यायची, पण खायची नाही. कागदात गुंडाळून ठेवायची. त्या न खाल्लेल्या वॅफलवरच तुरीडचा जीव जडला होता, आस्बियोर्नवर नंतर! लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी ती गाडीचे पुढचे दार उघडू लागली, तोच मुलगी ओरडली, "ती आईची जागा आहे!" आस्बियोर्न संतापला. पण तुरीडने त्याच्या दंडावर हात ठेवला, मुलीला पुढे बसवले आणि स्वतः मागे जाऊन बसली.

ती मागेच बसली… वर्षानुवर्षे! आपल्याला स्वतःचे मूल असावे ही इच्छाही तिने तशीच मागे सारली. आधीच आईला मुकलेल्या या पोरीच्या वाट्यात आणखी वाटेकरी नको, असे तिने मनाशी ठरवले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पाळण्यांच्या दुकानावरून जाताना मात्र तिची नजर आपोआप दुसऱ्या बाजूला वळे.

आस्बियोर्नची नजर अधू झाल्यापासून गाडी तीच चालवत असे. आस्बियोर्नला उतरवायचे, वॉकर काढायचा, त्याला दारापर्यंत न्यायचे, पुन्हा गाडीत बसायचे. त्या ठेंगण्या सीटवरून उठताना तिच्या उजव्या खुब्यात जणू कुणी तापलेली सळई फिरवी. डॉक्टरांनी खुबा बदलायचे केव्हाच सांगितले होते. पण त्यानंतर कित्येक आठवडे गाडी चालवता येणार नव्हती, आणि मागच्याच नाताळात इंगविल्ड म्हणाली होती, "ज्या दिवशी तुम्हाला झेपणार नाही, त्या दिवशी मी बाबाला शुश्रूषागृहात ठेवीन." ते ऐकून आस्बियोर्न दोन दिवस नीट जेवला नव्हता. तेव्हापासून तुरीडने तोंड मिटले होते. उंच गाडी मागणे एवढीच तिची कुरबुर… आणि तीही आता संपली होती.

दुसऱ्या दिवशी तिघेही लेवांगर या जवळच्या शहरी गाड्यांच्या दुकानात गेले. विक्रेत्याने एक करडी सेडान आणि एक पांढरी क्रॉसओव्हर शेजारी शेजारी उभी करून ठेवली होती.

"आधी सेडान," इंगविल्ड म्हणाली आणि चावी घेऊन निघाली. आस्बियोर्न तिच्या शेजारी बसला. तुरीड सवयीने मागे शिरली… शिरली म्हणजे दाराला धरून कशीबशी खाली उतरली, विहिरीत उतरावे तशी. गाडी खरोखरच सुरेख होती. मिठाच्या चिखलातून ती पाण्यावरून होडी जावी तशी गेली. इंगविल्डच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला. मागून तुरीडला ते दिसत होते. या मुलीची पाठ तिला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची होती!

फ्योर्डच्या काठी मोकळ्या जागेत इंगविल्डने गाडी थांबवली. बापाला हात देऊन तिने वाऱ्यात उभे केले आणि मागचे दार उघडले. "या ना बाहेर. मागं कसं वाटतंय ते सांगा."

"बरं वाटतंय गं. बसते मी इथंच."

"अहो, जरा या तर!"

आता इलाज नव्हता. तुरीडने डावा पाय बाहेर टाकला. मग दोन्ही मुठींत उजव्या मांडीवरचे विजारीचे कापड धरून तिने तो पाय उचलला, एखादे परके ओझे उचलावे तसा, आणि दाराबाहेर ठेवला. दाराच्या चौकटीला धरून ती उठायला गेली. उठता आले नाही. पुन्हा उठू पाहिले. तिच्या ओठांवरचा रंग उडाला, कपाळावर घाम उभा राहिला आणि त्याही स्थितीत ती हसली!

"पायाला मुंग्या आल्यात. होईल बरं आत्ता."

इंगविल्ड जागच्या जागी थिजून उभी राहिली. तिची नजर त्या विजारीवर होती. मांडीवर, दोन्ही मुठींच्या जागी, कापड झिजून विरळ झाले होते.

"हे… हे कधीपासून?"

"काही नाही गं, थंडीनं होतं—"

"कितीतरी हिवाळे झाले." आस्बियोर्नचा आवाज आला. तो पाण्याकडे तोंड करून उभा होता. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. गाडीतून उतरताना ती श्वास धरते. घराचं दार उघडेपर्यंत सोडत नाही. खुबा बदलायला सांगितलाय तिला. ती जात नाही… आणि मी, मी एकदाही म्हटलं नाही की जा म्हणून! मला भीती वाटत होती. ती दवाखान्यात गेली की तू मला शुश्रूषागृहात टाकशील."

"बाबा!"

"भ्यालो गं मी. आणि माझ्या भीतीची किंमत तिनं तिच्या हाडांनी मोजली…"

वारा सुटला होता. इंगविल्ड तशीच गुडघे टेकून चिखलात, उघड्या दारापाशी बसली.

"म्हणून उंच गाडी मागत होतात?"

"सीट उंच असली की नुसतं बाजूला सरकून पाय टेकता येतो." तुरीड अपराध्यासारखी म्हणाली. "खालून वर उठावं लागत नाही. एवढंच. पण तू म्हणतेस तेही खरंच आहे, ही किती शांत चालते…"

"तुम्हाला माहीत नाही मी सेडान का म्हणत होते ते!" इंगविल्डला हुंदका आवरेना. "आईला शेवटचं दवाखान्यात नेलं, तेव्हा ती पुढं बसली होती आणि मी मागं. तिनं पूर्ण रस्ताभर हात मागं करून माझा हात धरला होता. तसल्या ठेंगण्या गाडीत बसलं ना, की मला अजून वाटतं, पुढून हात येईल… या घरातून ती गाडी गेली की तीही जाईल, असं वाटलं मला. म्हणून भांडले मी. तुम्हाला वाट्टेल ते बोलले!"

तुरीडच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. इतक्या वर्षांत ही पोर तिच्यापाशी आईबद्दल एक अक्षर बोलली नव्हती!

"असं होतं होय… बाळ, मग आपण सेडानच घेऊ. मला काय, सवय झालीये. मी हळूहळू—"

"गप्प बस तू!"

इंगविल्ड किंचाळलीच. आणि मग आपल्याच तोंडून काय निघाले ते ध्यानात येऊन ती थबकली. ती बापाला 'तू' म्हणे, गेलेल्या आईला मनातल्या मनात 'तू' म्हणे. सगळ्या जगात घरचे एकच माणूस होते, ज्याला ती 'तुम्ही' म्हणत आली होती.

"गप्प बस…" ती पुन्हा म्हणाली, पण आता तिचा आवाज पार फुटला होता. "जन्मभर मागं बसलीस तू! मी घर सोडून गेले तरी मागंच बसत राहिलीस. मी हट्टी पोर होते, पण तू तरी मला एक थोबाडीत मारून म्हणायचं होतंस, की सरक, ही माझी जागा आहे!"

"कशी म्हणणार?" तुरीड डोळे पुसत म्हणाली. "मागून मला तुझी वेणी दिसायची गं. रोज वाटायचं, किती घट्ट घालते ही पोर, कपाळ दुखत असेल. एकदा तरी मला सोडून घालू देईल का… दिवसभर तोच विचार असायचा माझ्या मनात. तू केस कापून आलीस ना ओस्लोहून, त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते."

इंगविल्डने तिच्या मांडीवर डोके टेकले. पांढऱ्या बटा डोकावू लागलेले ते आखूड केस… तुरीडचा हात क्षणभर अधांतरी राहिला. हक्क नसलेल्या वस्तूला शिवावे तशी तिने बोटे पुढे केली. मग ती बोटे केसांत शिरली.

"कुणी मला सांगेल का तिकडे काय चाललंय?" आस्बियोर्न वाऱ्यात ओरडला. "मी इथं गोठून चाललोय!"

दोघीही रडता रडता हसल्या.

दुकानात परत आल्यावर पांढऱ्या क्रॉसओव्हरचे पुढचे दार इंगविल्डने स्वतः उघडून धरले. तुरीडला खाली उतरावे लागले नाही की वर चढावे लागले नाही. ती नुसती वळली आणि बसली.

"म्हणजे मी आता मागे?" आस्बियोर्न कुरकुरला.

"हो. आता तुझी पाळी, बाबा."

"ही थोडी जास्त डुलते," गाडी वळणावर आली तशी इंगविल्ड म्हणाली.

"डुलू दे की," मागून आस्बियोर्न म्हणाला. "मी काय बोटीवर कमी डुललोय?"

ते फेरी मारून परतल्यावर विक्रेत्याने विचारले, "मग, कोणती?" तर तिघांनीही एकदमच उत्तर दिले.

बर्चच्या झाडांना पालवी फुटली तेव्हा तुरीडचा खुबा बदलला. इंगविल्ड ओस्लोत ज्या शाळेत शिकवत असे, तिथून तिने रजा घेतली आणि ती गावी येऊन राहिली. रोज सकाळी बापाला केंद्रात सोडायचे, दुपारी आणायचे, आणि मग दवाखान्यात यायचे. तुरीडच्या पलंगाशी बसून ती तक्रारी करी: बाबा किती हळू चालतो, किती चुका काढतो, माझी कॉफी त्याला आवडत नाही. आणि तुरीड डोळे मिटून ऐकत राही. घरच्या तक्रारी इतक्या गोड असतात, हे तिला ठाऊकच नव्हते! पण संध्याकाळी इंगविल्ड निघून गेली की तिच्या मनात हुरहूर दाटून येई. हे सगळे पायापुरतेच तर नसेल? पाय बरा झाला की ही पुन्हा ओस्लोला जाईल, पुन्हा 'तुम्ही' म्हणू लागेल… असे काहीबाही मनात येऊन ती उशी ओली करी.

घरी जायचा दिवस उजाडला. आस्बियोर्न मागे वॉकर पोटाशी धरून बसला होता. इंगविल्डने कुबड्या ठेवल्या, तुरीडचा पट्टा लावला आणि मग सहज, रोजचेच विचारावे तसे विचारले,

"कसं जाऊ? बोगद्यातून की किनाऱ्यानं? बोगद्यातून लवकर पोचू. बाबाला भूक लागलीये."

"लागलीये खरी," आस्बियोर्न म्हणाला.

तुरीडने समोर पाहिले. तिला कुणी कधी विचारले नव्हते असे नाही, पण उत्तर नेहमी दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघून द्यायचे असते, अशीच तिची समजूत होती. तिने मागे बघितले नाही. शेजारीही बघितले नाही.

"किनाऱ्यानं," ती म्हणाली. "लांबून ने गं मला… मला एवढ्यात पोचायचं नाही."

इंगविल्डने गाडी डावीकडे, पाण्याकडे वळवली.