पट्टीचा रंग

दवाखान्यातल्या सिस्टरनी चहा अर्धाच ठेवला आणि पिशवीतून तपासणीची पट्टी काढली. कागदासारखी पातळ, बोटभर लांब.

"जिभेवर दोन मिनिटं ठेवायची. मेंदूला सूज असली की लाळेत खूण उतरते, पट्टी निळी होते. पण ऐका, दहा आजारी माणसांतल्या चौघांची पांढरीच राहते. काहीही येऊ दे, डॉक्टरांकडं न्यायचंच. मी शेजारी जाऊन येते, मग रंग लिहून घेते."

त्या चौघांचं मधलं बोलणं कुणी ऐकलंच नाही.

"पांढरी आली तर उद्यापास्नं त्यानं यंत्रमागावर उभा राहायचं," बाबा म्हणाले. "न्हाईतर घर सोडायचं."

ओवीला हेच हवं होतं. तपासणीसाठी दादाचं नाव तिनंच नोंदवलं होतं. सुमेधदादा आठ महिने खाटेवर लोळणार आणि तिनं नववीतनं शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या? नुसतं ढोंग. परवा तर तिनं त्याच्या अंथरुणावर बादलीभर पाणी ओतलं होतं. तो उठून भिंतीला टेकून बसला. बस्स, तेवढंच.

ती पट्टी घेऊन आत गेली. "दादा, आ कर."

तिचा हात पुढं आला तसं त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. सत्तावीस वर्षांचा बाप्या.

"मारत न्हाई रे!" ती खेकसली. स्वतःचाच आवाज तिला घाण वाटला.

त्यानं निमूट आ केला. ओठ भेगाळलेले. दोन मिनिटं झाली, चार झाली. पट्टी पांढरीच.

म्हणजे तिचंच खरं. पण तो अजून कानांशी हात धरून बसला होता. ढोंग करणारा माणूस धाकट्या बहिणीला असा भितो?

"काय आलं गं?" बाहेरून बाबा.

"निळी," ओवी म्हणाली. "चांगली गडद निळी."

"बघू."

"सिस्टरनी लगेच टाकायला सांगितलंय." मुठीत पट्टीचा चोळामोळा झाला होता.

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा आत आले, आठ महिन्यांत पहिल्यांदा खाटेवर टेकले आणि दादाच्या चिकट केसांतून हात फिरवायला लागले. "आजारी हाईस तर आधी सांगायचं न्हाई व्हय, लेकरा?"

"सांगितलं हुतं की," दादा म्हणाला.

खोलीत कुणीच कुणाकडं बघेना. ओवीला तर जमिनीवरनं नजर उचलवेना.

दारात सिस्टर उभ्या राहिल्या. "हं, रंग सांग, लिहिते."

ओवीनं बाबांच्या हाताकडं पाहिलं. पांढरी म्हटलं, तर तो हात तिथंच राहील?