भट्टीपुढचं स्टूल

दिवा जरा जवळ घ्या. वीज यायला वेळ आहे, आणि शेवटी मला तुम्हाला एक वस्तू दाखवायची आहे. ती उजेडात बघितलेली बरी. उद्यापासून तुम्ही आमच्या शेडमध्ये कामाला येताय, म्हणून हे सांगायला हवं. घाबरू नका. मी घाबरत नाही.

माझा मामा भंगारातल्या वायरी जाळायचा. जुने संगणक, टीव्ही, चार्जर, लोकांनी फेकलेलं सगळं आमच्या शेडमध्ये यायचं. त्यातल्या वायरींची भेंडोळी करून मागच्या खड्ड्यात पेटवायची; त्या खड्ड्यालाच आम्ही भट्टी म्हणायचो. वरचं प्लास्टिक जळतं, खाली तांबं उरतं. तांब्याला गिऱ्हाईक असतं. धुराला नसतं, तो गल्लीतल्या पोरांच्या छातीत फुकट जाऊन बसतो. मामाच्या छातीत तो इतका बसला की शेवटी मामालाच घेऊन गेला. मामाच्या मागे भट्टीपुढे मामी बसू लागली.

मी तेव्हा परदेशात हाच विषय शिकत होते. फेकलेली वस्तू जगातून जात नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जाते, हे तिथे वर्गात ऐकताना मला दरवेळी मामीचं दार दिसायचं. शिक्षण संपलं तशी परत आले. मामी खोकायला लागली की भिंत धरायची. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: धूर सुटला नाही तर ही बाई हातची जाईल.

मी तारा सोलायचं यंत्र आणलं. एका बाजूनं वायर घाला, दुसऱ्या बाजूनं तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. आग नाही, धूर नाही. बॅटऱ्या वाळूच्या पेट्यांत ठेवायच्या, टीव्हीच्या काचा न फोडता परवानाधारक कारखान्यात पाठवायच्या, असं सगळं नीट बसवलं. मामीला यंत्र आवडलंही. तरी दिवस कलला की ती मूठभर वायर घेऊन मागे जायची आणि खड्ड्यापुढच्या बुटक्या स्टुलावर बसायची.

"मामी, आता हे कशाला?"

"यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही हं."

"मग ऊठ."

"उठेन गं. पण ही जागा रिकामी ठेवायची नसते." मग खोकला. तो थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले. "एक उठला की दुसऱ्यानं टेकायचं. तुझ्या मामाला त्याच्या आधीच्या भट्टीवाल्यानं बसवलं. मामा मला म्हणाला, जरा टेक, मी पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला, आणि तिथंच माठापाशी..."

"आणि ठेवली रिकामी, तर?"

"तर आधीचे येतात बसायला."

मी हसले. मनातल्या मनात नाही, तोंडावर हसले.

खड्डा बुजवायला गवंडी आला तो भर दुपारी. काँक्रीट कालवता कालवता म्हणाला, "ताई, खड्डा बुजवायचं शिकायला एवढ्या लांब गेला होतात? मला विचारायचं, फुकट सांगितलं असतं."

"तू आणि फुकट? घमेलं उचलायचेही वेगळे मागतोस," मामी स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली. तिघंही हसलो. हसता हसता मामीला ढास लागली ती थांबेचना. ओठ निळे पडले. खड्ड्यात त्या दिवशी आग नव्हती, आदल्या दिवशीची राखसुद्धा गार होती. तरी ती स्टुलावरून हलायला तयार नव्हती.

मी तिला दंड धरून उठवलं.

"अगं, जागा... जागा..."

"ही बघ, मी बसले! झालं समाधान?"

आणि बसले. तोंडावर नवाकोरा मास्क होता. मामीकडे बघितलं, तर तिचा चेहरा उतरला होता.

"तू नको गं... तू बसायला नको होतंस."

आता नीट ऐका. वर ऊन होतं. पण खड्ड्याच्या काठाशी उजेड मळकट झाला, काजळी धरलेल्या काचेतून बघावा तसा. गार राखेतून माझ्या नडग्यांना शेक लागायला लागला. मग तडतड ऐकू आली, बारीक, वायरीचं प्लास्टिक फुगून फुटतं तशी. मग वास. तो मास्कमधून यायलाच नको होता. गोडसर, घशाला चिकटणारा. लहानपणी मामाच्या कुशीत शिरलं की यायचा, तोच.

आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

दाबला नाही. गुडघे दुखणारा माणूस उठताना शेजारच्याचा आधार घेतो, तसा जड झाला, मग हलका झाला, मग उचलला गेला. पाठीमागे कुणीतरी सावकाश उभं राहिलं. मामी माझ्या समोर होती. गवंडीही समोर होता, घमेलं तसंच हातात धरून.

"मामी... मागे कोण आहे?"

"बघू नकोस." ती कुजबुजली. "तो असाच उठायचा... माझ्या खांद्यावर हात ठेवून. आता सुटला तो."

एवढं बोलून तिनं श्वास घेतला. लांब, पोट भरून. कित्येक वर्षांत मी तिचा तसा श्वास ऐकला नव्हता. छातीत घरघर नाही, काही नाही.

मी उठले, गवंड्याला म्हटलं, "ओत." त्यानं ओतलं. निम्मं काम झाल्यावर त्याला बोलायचं भान आलं. तेही एवढंच, की मजुरी उद्या न्यायला येतो.

मामी त्या दिवसापासून खोकलेली नाही. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ हवेचा गुण. मीही सगळीकडे तेच सांगते, आणि ते खोटं नाही. गल्लीतली पोरं आता खेळताना धापा टाकत नाहीत. शेडमागच्या ओहोळात पुन्हा बेडूक दिसतात. हे आम्ही केलं, माणसांनी, यंत्रानं आणि हट्टानं, आणि आणखी दहा ठिकाणी करू. त्यासाठीच तुम्हाला बोलावलं.

नियम एकच. ते स्टूल मोडू द्यायला मामी तयार नाही, म्हणून कोठीत उलटं टांगलंय. ते काढायचं नाही. कुणी थकलेलं दिसलं तर त्याला खुर्ची द्या. 'जरा टेक' असं मी त्या स्टुलाबद्दल कुणालाही म्हणणार नाही, काही झालं तरी. ही रांग माझ्यापाशी संपते.

आता दिवा वर धरा. हा मास्क बघा. आज सकाळी बंद पाकिटातून काढला. दिवसभर मी कार्यालयात होते, खिडक्या उघड्या होत्या, हवा मोजायचं यंत्र शेजारी सुरू होतं. आकडे उत्तम आले. ही बाहेरची बाजू, पांढरीशुभ्र. धुळीचा कण नाही.

उलटा करा.

हं... तोंडाकडची बाजू. बोट लावू नका, काजळी लवकर निघत नाही. रोज असाच निघतो.

मला मात्र खोकला अजून एकदाही आलेला नाही.