खिळ्यावरची किल्ली

सन २००५ च्या एप्रिल महिन्यातील एका मंगळवारी, भर दुपारी, भाईंदर पश्चिमेस राई गावाच्या खाडीकाठी असलेल्या एका बर्फाच्या कारखान्यात पुढील घटना घडली. मी तेथे व्यवस्थापक होतो. जे लिहितो आहे ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे.

डोळ्यांनी पाहिले, असे मुद्दामच लिहीत नाही.

पाहण्यासारखे तेथे काही नव्हते...

ज्यांना हा सगळा भ्रम वाटेल, त्यांनी खुशाल तसे समजावे. मीही त्याच मताचा होतो. या विषयावर आजही कोणाशीही वाद घालण्याची माझी तयारी आहे. फक्त त्या आवारात नाही.

आमच्याकडे बर्फाच्या लाद्या फोडण्याचे एक यंत्र होते. सगळे त्याला क्रशर म्हणत. वर माणूस मावेल एवढे पत्र्याचे तोंड, आणि आत लोखंडी दात बसवलेला रूळ. लादी वरून टाकायची, चुरा खालून निघायचा. मासळीच्या बोटींना तो चुरा लागे.

यंत्राभोवती सदैव पाणी. म्हणून विजेचा खटका भिंतीपलीकडच्या कोरड्या खोलीत बसवलेला होता. खटक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला यंत्र दिसत नसे.

मग दुरुस्ती संपली हे त्याला कळायचे कसे?

हाकेवरून. आत गेलेला माणूस बाहेर आला की ओरडे, "आलो बाहेर, चालू कर!" ती हाक ऐकू आली की खटका वर. कारखाना उभा राहिल्यापासून हीच रीत होती.

याच रीतीत विठू नावाचा फिटर मेला होता. माझ्या नेमणुकीच्या आधी. तो आत असताना खटका वर गेला.

खटक्यापाशी त्या दिवशी धर्माजी होता. राईचाच, पन्नाशी उलटलेला. कारखान्याची जमीन मूळची त्याच्या घराण्याची, म्हणून शेठने त्याला कामावरून काढले नाही. धर्माजीने पोलिसांना एकच वाक्य सांगितले होते, "त्यानंच हाक दिली." पोलिसांनी अपघात लिहिला. गावाने मात्र त्याला खोटारडा ठरवले. विठूची बायको शेवंती मासळी विकायची. ती बर्फ न्यायला आमच्याकडेच येई, आणि धर्माजी दिसला की जमिनीवर थुंकून पुढे जाई.

त्या मृत्यूनंतर शेठने खटक्याला कुलूप आणले. नियम असा की जो आत जाईल त्याने खटका पाडावा, कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी.

नियम उत्तम होता. पण एकदा कोणाच्या तरी खिशातली किल्ली बर्फाच्या टाकीत पडली आणि दिवसभर काम अडले. तेव्हापासून किल्ली खटक्याशेजारीच, एकवीरा आईच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगली जाऊ लागली. देवीच्या ताब्यात आहे, कोण हात लावणार, असे सगळेच म्हणत.

कुलूप राहिले. राखण गेली.

त्या मंगळवारी क्रशरचा एक दात तुटला. बोटी धक्क्याला लागायच्या होत्या. दुरुस्तीला माझा सख्खा मेव्हणा होता. गुणवंत, रत्नागिरीकडचा, विठूच्या जागी मीच त्याला लावले होते. तोंडाने तिखट, हाताने कुशल.

त्याने खटका पाडला. कुलूप लावले. किल्ली खिळ्याला अडकवली. मग धर्माजीकडे पाहून मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही इथेच थांबा. ह्या म्हाताऱ्यावर नजर ठेवा. एकाला खाल्लंय ह्याने."

"तू जा गपचूप," धर्माजी म्हणाला. "तुज्यासारक्या कडू मानसाला कोन खातंय?"

"बघा, बघा! जीभ कशी चालते! तेव्हा पण अशीच चालली असेल पोलिसांपुढे."

धर्माजी किल्लीच्या खिळ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याने मान वर केली नाही.

गुणवंत गेला. भिंतीपलीकडे पत्र्यावर पाय घासल्याचा आवाज आला. मग पान्याची ठकठक सुरू झाली. तिच्यामागे बर्फाच्या टाकीच्या कंप्रेसरची नेहमीची घरघर होती. त्याची वीज वेगळी होती, आणि तो दिवसरात्र चालू असे.

आम्ही दोघे खटक्यापाशी उभे राहिलो.

ठकठक चालू होती.

मग ती थांबली...

त्यात नवल नाही. दुरुस्ती करणारा माणूस मध्येच थांबतोच. पण तिच्याबरोबर कंप्रेसरची घरघरही थांबली. पाण्याचे ठिबकणे थांबले. बाहेर कावळे होते, तेही गप्प झाले.



आणि हाक आली.

"आलो बाहेर... चालू कर!"

गुणवंतचा आवाज. तोच खर्ज, तोच कोकणी हेल. वर्षानुवर्षे माझ्या घरी जेवायला बसणाऱ्या माणसाचा आवाज मला ओळखता येत नाही, असे कोणी म्हणू नये.

मी धर्माजीला म्हणालो, "ऐकलंस ना? काढ कुलूप."

तो हलला नाही.

"सायेब, आदी बगून या."

"बघायचं काय त्यात? हाक आली."

"हाक तवा पन आली हुती."

मी चिडलो. बोटी थांबल्या होत्या, शेठचा फोन दोनदा येऊन गेला होता, आणि हा माणूस आपले जुने पाप झाकण्यासाठी माझ्यापुढे नाटक करत होता. तसे मी त्याला तोंडावर सुनावले.

"चालू कर!" पलीकडून पुन्हा. या वेळी आवाजात संताप होता. "मेलात काय सगळे?"

"बघ, तो शिव्या घालतोय. आत असलेला माणूस चालू कर म्हणेल का? अक्कल वापर जरा."

"मी न्हाय करनार."

"मग मी करतो."

मी खिळ्याकडे हात नेला. त्याने माझ्या आधी किल्ली ओढली आणि मुठीत धरली. मी त्याचे मनगट पिरगाळले. तो कळवळला, पण मूठ सुटेना.

"भावोजी..." आवाज म्हणाला.

आता तो ओरडत नव्हता. भिंतीला तोंड लावून बोलल्यासारखा अगदी जवळून येत होता.

"भावोजी, घ्या ना त्याच्याकडून... तुम्ही स्वतःच चालू करा..."

माझी पकड सैल झाली. गुणवंत माझ्याशी कधीच इतक्या गोडीने बोलत नसे. आणि धर्माजीच्या मुठीत काय आहे, हे भिंतीपलीकडच्या माणसाला कसे कळावे?

मी धावत पलीकडे गेलो.

यंत्राच्या तोंडातून दोन पाय बाहेर आले होते. बाकीचा गुणवंत कमरेपर्यंत आत होता, डोके खाली, दातांच्या रुळाला जवळजवळ टेकलेले. मी त्याचे पाय धरून ओढले. तो धडपडत बाहेर आला.

त्याच्या दातांत विजेरी होती.

दोन्ही हात कामात, म्हणून ती तोंडात धरलेली. तिच्यावर दात घट्ट आवळलेले. त्या तोंडातून एक शब्दही निघणे शक्य नव्हते.

त्याने विजेरी काढली आणि माझ्यावरच ओरडला, "काय चाललंय, भावोजी? एकदा म्हणता आणखी आत सरक, आणि आता ओढून काढता?"

"मी... कधी म्हणालो?"

"आत्ता! कानाशी येऊन! 'आणखी आत सरक, डोकं खाली घे, घाई नाही.' तुमचाच आवाज. मी ओळखत नाही काय?"

मी यंत्राच्या तोंडात वाकून पाहिले; आत कोणी नव्हते.

धर्माजी दारात येऊन उभा राहिला होता. किल्ली अजून मुठीत. त्याच्यामागे शेवंती होती. बर्फासाठी रिकामी पाटी घेऊन आली होती. धर्माजी दिसताच नेहमीप्रमाणे ती थुंकली, आणि त्याला वळसा घालून आत आली.

"काय झाला? बरफ हाय का न्हाय?"

कंप्रेसर अजूनही गप्प होता. आम्ही चौघे त्या पत्र्याच्या तोंडासमोर उभे. गुणवंत माझ्या शेजारी. त्याचे ओठ मिटलेले, मी स्वतः पाहत होतो.

आणि त्या रिकाम्या यंत्राच्या आतून, गुणवंतच्या आवाजात...

"आलो बाहेर. चालू कर."

शेवंतीच्या हातातली पाटी पडली.

गुणवंतने स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला. तो आपण बोललो नाही ना, याची खात्री करत असावा.

त्यानंतर कंप्रेसर आपोआप घरघरू लागला. कुठे तरी पाणी ठिबकले.

यावर जे आक्षेप घेता येतील, ते सगळे मी स्वतःशी घेऊन पाहिले आहेत. पत्र्यातला प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनीला आधी मूळ आवाज लागतो. भास म्हणावा, तर एकच भास चौघांना एकाच शब्दांत होत नाही. कोणी लपून नक्कल केली म्हणावे, तर त्या तोंडात लपायला जागा एकच होती, आणि तिच्यातून मी नुकताच माझा मेव्हणा काढला होता. विठूचे भूत म्हणून गावात बोलले गेले. मला तेही पटत नाही. विठूच्या वेळी हाक देणारा कोण होता, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

गुणवंतने त्याच दिवशी काम सोडले. मी महिनाअखेर सोडले. यंत्राचे पुढे काय झाले याची मी चौकशी केलेली नाही, आणि करणार नाही. आजही आतल्या खोलीतून पत्नीने हाक मारली की मी ओ देत नाही. उठून दारापर्यंत जातो, तिचा चेहरा पाहतो, मगच बोलतो. तिला याचा राग येतो. येऊ दे.

त्या दुपारी मात्र आम्ही तिघे पुरुष बाहेर पडायला वळलो, तरी शेवंती यंत्रासमोरून हलेना. बराच वेळ ती त्या तोंडाकडे पाहत राहिली. मग धर्माजीकडे वळली. विठू गेल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती.

"माज्या मानसाच्या टायमाला पन असाच आवाज आल्ता?"

धर्माजीने होकारार्थी मान हलवली.

शेवंतीने पडलेली पाटी उचलली, काखेला लावली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"धर्माजी खोटा बोलला नव्हता."