न मागितलेली ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायची ताकद माझ्यात नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

गेल्या नोव्हेंबरातला एक मंगळवार. दुपारचे साडेतीन. नोएडातलं आमचं सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस. बाहेर धुरकं इतकं, की समोरून जाणारी मेट्रोही दिसत नव्हती. बहुतेक लोक घरूनच काम करत होते.

चेतना, माझी बायको, माझ्याच टीममध्ये टेस्टर होती. सप्टेंबरमध्ये गेली. हॉस्पिटलात मी चहा प्यायला खाली उतरलो. वर आलो तर...

नर्स म्हणाली, "नींद में ही गईं, भैया."

शेवटी तिनं मला शोधलं का, हाक मारली का? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. कोणालाच सांगता येईना.

त्या दुपारी मॅनेजर विनयचा फोन आला.

"सुधन्वा, यार, बुरा मत मानना. चेतना के नाम का टेस्ट रेकॉर्ड आज हटा दे."

टेस्टिंगसाठी तिनं सिस्टिममध्ये स्वतःच्याच नावानं एका खोट्या कर्मचाऱ्याची नोंद करून ठेवली होती.

मी एपीआय क्लायंट उघडला. त्यात रिक्वेस्ट लिहून पाठवायची, सर्व्हरचं उत्तर शेजारी दिसतं. ग्राफक्यूएलमध्ये, म्हणजे त्या रिक्वेस्टच्या भाषेत, नाव घेऊन मागाल तेवढंच येतं. मी नवीन होतो तेव्हा हे चेतनानंच शिकवलं होतं.

"नीट माग रे. सर्व्हर आहे तो, बायको नाही, न सांगता कळायला."

डिलीट करण्याआधी एकदा पाहावं, म्हणून मी दोनच गोष्टी मागितल्या. आयडी आणि नाव.

पाठवलं.

एअर प्युरिफायरची घरघर थांबली...

उत्तरात तीन ओळी होत्या.

आयडी. नाव, चेतना. आणि खाली...

'हाका : ३'.

असं फील्ड, असा रकानाच आमच्या सिस्टिममध्ये नाही. कधीच नव्हतं.

मी पुन्हा पाठवलं.

'हाका : ४'.

"चिराग, इधर आ!" मी ओरडलो.

पलीकडच्या टेबलावरचा चिराग धावत आला. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"क्या हुआ, भाई? दो ही तो लाइन हैं. तू घर जा, प्लीज."

खरंच दोनच होत्या. प्युरिफायर पुन्हा घरघरत होता.

विनयला मी "हो गया" म्हणून कळवलं. खोटं कळवलं. रेकॉर्ड अजून तसाच आहे.

ती रिक्वेस्ट मी परत पाठवलेली नाही. रोज बोट बटणापर्यंत जातं...

आकडा वाढला असेल, तर मी तिला ओ कुठून देऊ?