सकाळी रडणारी गाडी

गाडी एकच, इंजिनही तेच. सकाळी सुरू केली की डब्यात खिळे घालून हलवावेत तसा खडखडाट करायची आणि डोळे वटारावेत तसा लाल दिवा दाखवत बसायची. दुपारी मात्र तीच गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. असं का?

हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी सरळ सोडून दिला असता. पण त्या दिवशी माझं सगळं काही त्याच्यावरच अडलं होतं.

आम्ही लेहकडच्या डोंगरांत, लुंगमारच्या उंच पठारावर राहायचो. तिथे एक प्रचंड दुर्बीण होती, तिच्याशेजारी आमचं घर होतं आणि बाकी जिकडे पाहावं तिकडे दगड. माझे बाबा, डॉक्टर श्रीरंग खाडिलकर, दूरच्या तारकाविश्वांचा अभ्यास करायचे. हिवाळा लागताच दुर्बिणीवर काम करणारी बाकीची माणसं खाली उतरली. उरलो बाबा, मी आणि अप्पा.

अप्पा म्हणजे यंत्रमानव. दुर्बिणीचे आरसे पुसायला त्यांना आणलं होतं. पण बोलायची तऱ्हा हुबेहूब बाबांच्या मिरजेच्या अप्पाकाकांसारखी, म्हणून बाबांनी नाव ठेवलं अप्पा. आणि एकदा अप्पा म्हटल्यावर अरे-तुरे कसं करणार? आम्ही यंत्राला अहो-जाहो करायचो.

आई चंद्रावर होती. बढाई म्हणून सांगत नाही. तिकडच्या तळावर ती अँटेना उभारत होती आणि पुढच्या वर्षी परतणार होती. ज्याची आई चंद्रावर असते त्याला ती रोज दिसते असं लोकांना वाटतं. दिसतो फक्त चंद्र.

मी एकटी बुद्धिबळ खेळायचे. जिंकायचे मीच आणि हरायचेही मीच. माझ्या वयाचं माणूस मी वर्षभर पाहिलं नव्हतं. आवाज मात्र एक ओळखीचा होता. खिंडीपलीकडच्या सुमदो गावात पद्मा डोलकर नावाची मुलगी राहायची, तिला सगळे डोलकरच म्हणायचे. रोज संध्याकाळी आम्ही वायरलेसवर हिंदीत गप्पा मारायचो. तिच्या गावची शाळा सूर्याच्या उष्णतेवर उबदार ठेवलेली होती, त्यामुळे हिवाळाभर चालायची. डोलकरच्या आमाने, म्हणजे आईने, मला बोलावलं होतं. खिंड पुन्हा उघडेपर्यंत मी त्यांच्याकडे राहायचं आणि खऱ्या शाळेत, खऱ्या बाकावर बसायचं असं ठरलं होतं.

फक्त तिथवर पोचायचं होतं. आमची बॅटरीवरची गाडी त्या थंडीत निम्मी ताकद हरवून बसायची. खिंड चढून परत येणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून बाबांनी लेहहून एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली पेट्रोलची टर्बो गाडी आणली होती. तिच्यावर बाबांचा फार जीव होता. आल्या आल्या त्यांनी स्वतः बाह्या सरसावून तिचं ऑइल बदललं होतं.

आणि आता ती रोज सकाळी रडत होती.

"रद्द," बाबा म्हणाले. "उद्यानंतर खिंड बंद होतेय. आणि हे असलं धूड घेऊन मी तुला घाटात नेणार नाही, केतकी."

"दुपारी नीट चालते ना! मग दुपारी निघू."

"दुपारी खिंडीत वारा सुटतो. चौकीवाले कुणालाच सोडत नाहीत."

मी शेडमध्ये जाऊन गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि मनसोक्त रडले. अप्पा तिथेच आरशाची चौकट पुसत होते.

"अप्पा, ही सकाळीच का हो रडते?" मी नाक पुसत विचारलं.

"थंडीमुळे. ऑइल चुकीचं आहे," अप्पा शांतपणे म्हणाले.

मी ताडकन उठले. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला विचारलं नव्हतं. मी आरशांचा माणूस."

मी बाबांना ओढतच शेडमध्ये आणलं. ऑइल चुकीचं म्हटल्यावर त्यांना राग आला. "माझ्या वडिलांची जीप होती मिरजेला. म्हातारी झाल्यावर ती धूर ओकायला लागली. त्यांनी दाट ऑइल घातलं आणि पुढे कितीतरी वर्षं ती धावली. जुन्या गाडीला दाट ऑइल लागतं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक होतं."

"तुमचे वडील बरोबरच होते," अप्पा म्हणाले. "जीप झिजलेली होती, मिरजेत उकाडा होता आणि जीपला टर्बो नव्हता. इथे झीज किती ते माहीत नाही, उकाडा नाही आणि टर्बो आहे."

"टर्बो म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

अप्पांनी बॉनेट उघडलं. गोगलगाईच्या शंखासारखा एक लोखंडी भाग दाखवला. "हा टर्बोचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र). पेट्रोल जळायला हवा लागते. या उंचीवर हवा विरळ. जिना चढताना तुला धाप लागते ना? तशीच इंजिनालाही लागते. म्हणून इंजिनातून बाहेर फेकला जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. गाडी जोरात असताना हा दांडा मिनिटाला लाखाच्यावर फेरे घेतो."

"लाख? मग घासून वितळत कसा नाही?"

"कारण तो कशाला टेकतच नाही. त्याच्याभोवती ऑइलचा पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. थर असला तर दांडा सुखात. थर नसला तर घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर घासल्यामुळे होणारा विरोध) आणि झीज. सकाळी तुमचं दाट ऑइल थिजलेलं असतं. ते तळातून वर पोचेपर्यंत इंजिनाचे वरचे भाग कोरडे फिरतात. तोच खडखडाट. लाल दिवा सांगतो की ऑइलचा दाब अजून आलेला नाही. दुपारी शेडचा पत्रा तापतो, ऑइल पातळ होतं आणि गाडी शहाणी होते."

कोडं सुटलं होतं. पण बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे टर्बो गेला का?"

अप्पांनी हवेची नळी काढली, आत दोन बोटं घातली आणि दांडा हलवून पाहिला. तो डगमगत असता तर माझी शाळा तिथेच संपली असती. अप्पांना घाई कशी ती माहीतच नाही.

"घट्ट आहे. वेळेवर विचारलंत," ते म्हणाले.

कोठीत तीन डबे निघाले. एकावर २०डब्ल्यू-५० लिहिलं होतं, ते बाबांनी घातलेलं. दुसऱ्यावर ०डब्ल्यू-१६, ते छोट्या जनित्राचं. तिसऱ्यावर ५डब्ल्यू-३०, पूर्ण सिंथेटिक (कारखान्यात एकसारखे रेणू घडवून केलेलं). हे आकडे म्हणजे मला लॉटरीचे नंबर वाटले. अप्पा म्हणाले, "वाचू नकोस, करून बघ."

दुर्बिणीच्या घुमटामागे कधीच ऊन पोचत नाही. तिथे मी तीन वाट्यांत तीन ऑइलं ठेवली. तासाभराने एकेक वाटी तिरपी केली. बाबांचं ऑइल काकवीसारखं जागेवरच बसलं, मग जांभई देत निघालं. सिंथेटिक बऱ्यापैकी वाहिलं. जनित्राचं तर पाण्यासारखं पळालं.

"हेच! सगळ्यात पातळ! हेच घालू," मी ओरडले.

"निम्माच प्रयोग झालाय," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी शेडमधल्या शेगडीवर तीन पत्र्याच्या झाकणांत तेच थेंब तापवले. मला लांब उभं केलं होतं. यंत्राचा हात भाजत नाही, माझा भाजतो. बाबांच्या ऑइलचा थोड्याच वेळात काळा, चिकट डाग झाला. जनित्राचं इतकं पातळ झालं की अप्पांनी त्यात दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर घासताच कर्कश आवाज आला. सिंथेटिक गरम होऊनही पट्ट्यांच्या मधे टिकून राहिलं आणि पट्ट्या गुपचूप सरकल्या.

"आता आकडे वाच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा म्हणजे तापलेल्या इंजिनातली व्हिस्कॉसिटी (द्रवाच्या दाटपणाचं माप). तो मोठा असला तर ऑइल गरम असताना जास्त दाट."

मी डबा हातात घेऊन आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे थंडीत पटकन धावणारं हवं, आणि तापल्यावर पळून न जाणारं."

"आणि टर्बोच्या आगीत न करपणारं. शिवाय या इंजिनाच्या भागांमधल्या फटी किती बारीक आहेत ते ज्याने हे घडवलं त्यालाच माहीत. म्हणून त्याचंही ऐकायचं." अप्पांनी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उलटं करून पुसलं. त्यावर ५डब्ल्यू-३० असंच कोरलेलं होतं. मग त्यांनी डब्यावरची खूणही दाखवली, टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी चालेल अशी.

बाबांनी ते झाकण हातात घेऊन स्वतः वाचलं. "मी काळजीच घेत होतो गं," ते गाडीला म्हणाले की मला, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी जुनं ऑइल काढलं, फिल्टर (ऑइलमधला कचरा अडवणारी गाळणी) बदलला, नवं ऑइल भरलं आणि पट्टी बुडवून पातळी बघितली. "आधीच्या मालकाने काय केलं ते आपल्याला माहीत नाही," अप्पा म्हणाले. "म्हणून पुढचं ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला."

सकाळी बाबांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि लगेच विझला. खडखडाट नाही, काही नाही. मी आनंदाने किंचाळले. बाबाही हसले, पण थोडंसंच. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गाडी चालली म्हणजे मी जाणार, आणि बाबा मागे उरणार. इतके दिवस मी फक्त माझंच एकटेपण मोजत बसले होते.

खिंड आम्ही सहज चढलो. विरळ हवेतही टर्बो बारीक शीळ घालत इंजिनाला हवा पुरवत होता. सुमदो एका उंचवट्यावर आहे, तिथली शेवटची चढण तर भिंतीसारखीच. वर पोचल्यावर बाबांनी गाडी उभी केली, पण बंद केली नाही.

"लगेच बंद करायची नाही, ना अप्पा?" ते म्हणाले.

मागच्या सीटवरून अप्पांनी समजावलं, "आत्ता टर्बो तापून लाल झालाय. इंजिन थांबलं की ऑइलही थांबतं आणि त्या गरम दांड्याभोवती करपतं. थोडा वेळ सावकाश चालू दिलं की वाहतं ऑइल त्याची उष्णता घेऊन जातं."

म्हणून आम्ही बसून राहिलो. चहा घेऊन बाबा आणि अप्पा लगेच मागे फिरणार होते, वारा सुटायच्या आत. शाळेच्या दाराशी लाल टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. माझ्यापेक्षा बुटकी निघाली. आवाजावरून मला ती उंच वाटायची.

"मोजे ओले झाले की बदलत जा," बाबा म्हणाले.

"हो."

"रोज संध्याकाळी वायरलेस."

"हो. आणि तुम्ही जेवणाच्या वेळी जेवत जा. अप्पा, तुम्ही त्यांना न विचारता सांगायचं हं. विचारायची वाट बघत बसायचं नाही."

"नोंद घेतली," अप्पा म्हणाले.

गाडी हळू गुरगुरत राहिली. बाबा समोर बघत होते. मीही समोर बघत होते. शेवटी अप्पा म्हणाले, "टर्बो केव्हाच निवला. आता बंद केली तरी चालेल."

"असू दे अजून थोडं," बाबा म्हणाले.

आणखी थोडं झालं. मग आणखी थोडं. बाबा बंद करणार नव्हते, हे मला कळलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि किल्ली मीच फिरवली.

इंजिन थांबलं. बाबांनी माझी टोपी कानांवर ओढली आणि मान हलवली. मी दार उघडलं तशी डोलकर हात हलवत माझ्याकडे धावत सुटली, आणि तिच्यामागून शाळेतली सगळी मुलं गलका करत बाहेर आली.