रिकामी गाडी

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी रोलरकोस्टरच्या रुळांखाली उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होते. पार्क उघडण्याआधी रोज सकाळी चाचणीची गाडी सोडायची, हे माझं काम. त्या दिवशी गारठ्यात मी माणसांच्या वजनाऐवजी सीटवर ठेवायची वाळूची पोती विसरले. गाडी तिसऱ्या चढाच्या माथ्याजवळ गेली, घुटमळली… आणि मागे घसरून दोन चढांमधल्या खोलगट जागी थांबली.

"बटणवाल्या बाई तुम्हीच का?" मागून आवाज आला. चाकांची देखभाल करायला नवा मेकॅनिक येणार होता, तो हाच. कोपरापर्यंत हात काळे.

"हो. हसायचं असेल तर आधी गाडी काढा, मग हसा."

तो कप्पीची साखळी ओढून गाडी थोडी वर घ्यायचा, ती परत घसरू नये म्हणून मी चाकामागे लाकडी ठोकळा सरकवायची. एकट्याचं कामच नव्हतं ते. तासभर घाम गाळल्यावर मी विचारलं, "रोजच्याच उंचीवरून सोडली होती. मग आजच का अडली?"

"उतारावर उंची खर्चून वेग मिळतो, आणि तोच वेग खर्चून पुढचा चढ. मधे कुणी काही देत नाही. उलट वारा आणि थंडीनं घट्ट झालेलं ग्रीस आपापला वाटा काढून घेतात. भरल्या गाडीला ते जाणवत नाही. रिकामीला झेपत नाही."

"माझंही तसंच आहे," मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

तो हसला नाही. त्यानं थर्मासच्या झाकणातला चहा पुढे केला. झाकणावर त्याचा काळा अंगठा उमटला होता. मी तो पुसला नाही.

पुढचे तीन महिने रोज तो चहा होता. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, कळलंही नाही. "आज पोती ठेवलीस का, बाई?" तो चिडवायचा. "आधी तुझे हात धू," मी म्हणायची. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि चार वर्षं टिकून मोडलेलं एक लग्न मागे होतं. मी दमले होते, अगदी हाडापर्यंत.

मग एक दिवस तो म्हणाला, "माझं काम शनिवारी संपतंय. दुसऱ्या पार्कनं बोलावलंय. मॅनेजर इथेच ठेवून घ्यायला तयार आहेत… तू म्हणालीस तर राहीन."

"पुन्हा पहिल्यापासून सगळं… नको रे. माझ्यात त्राण नाही."

त्यानं मान डोलावली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

शनिवारी सकाळीही गारठा होता. साडेआठला मी बटण दाबलं. गाडी पहिल्या चढाच्या साखळीवर खडखडत वर गेली, सुटली, तिसऱ्या चढाशी घुटमळली आणि मागे आली.

तो खांद्यावर बॅग घेऊनच धावत आला. सीट बघितल्या.

"पोती कुठेत?"

"विसरले."

"तीन महिन्यांत एकदाही विसरली नाहीस."

मी ठोकळा हातात घट्ट धरून उभी होते. "तुझी बस नऊची आहे ना… म्हणून आत्ताच सोडली. हे काढायला दोघं लागतात. मला तू हवा आहेस. एवढं सांगायला मला गाडी अडकवावी लागली, बघ. पण तो पहिला चढ माझ्यानं होणार नाही, खरंच सांगते."

त्यानं पहिल्या चढाकडे बोट दाखवलं.

"पहिला चढ कुठलीच गाडी आपली आपण चढत नाही, वेडे. साखळी चढवते." त्यानं बॅग गवतावर टाकली, बाह्या वर सारल्या. "चल, ठोकळा लाव. आणि घाई करू नकोस."

फाटकाबाहेर बसनं दोनदा हॉर्न दिला. आम्ही दुसऱ्याच चाकामागे ठोकळा लावत होतो, आणि त्यानं तिकडे वळूनही पाहिलं नाही.