चंद्राचा जबाब

दुभाषी व्हायला विद्यापीठात जायचं, हे आमच्या घरात कोणाच्या गळी उतरलंच नाही. भाऊ, म्हणजे माझे वडील, म्हणाले, आपल्या कारखान्यात समदे चार-चार भाषा बोलतान, त्यांना कोणी डिग्री दिली? तसं ते खोटं नव्हतं. भिवंडीत पद्मानगरला लागून आमचा लहानसा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना, कामगार बहुतेक तेलुगू. घर कशेळीला, पण माझं लहानपण गेलं त्या कामगारांच्या चाळीत, त्यामुळे तेलुगू मला शिकावं लागलंच नाही. शेवटी तह झाला. एक वर्ष शीक, पास झालीस तर पुढचं पुढे, नाहीतर खारबावचं स्थळ तयार आहे. मुलगा चांगला होता म्हणे. असेल बापडा.

हे २००७ सालचं. अभ्यासक्रम नवा होता. कोर्ट, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, जिथे अडलेल्या माणसाची भाषा समोरच्या साहेबाला कळत नाही, तिथे मध्ये उभं राहून बोलायचं. शिकवायला फखरुद्दीन सर होते. ते भिवंडीचेच. सगळी नोकरी कोर्टात दुभाषी म्हणून काढलेली, स्वभावाने मऊ, नियमाला मात्र दगड. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की ‘तो म्हणतो’, ‘ती म्हणते’ असं तोंडातून काढायचं नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

सरावाला कुणाल उठला आणि एका बाईच्या वतीने गंभीर चेहऱ्याने म्हणाला, मला चौथा महिना आहे. अख्खा वर्ग हसून लोळला. मीही हसले. सर हसले नाहीत, फळा पुसत उभे राहिले.

पहिल्या सत्रात आम्ही फक्त बघायचं होतं. शहरातल्या एका दवाखान्यात सर आम्हाला घेऊन जायचे आणि आम्ही भिंतीला चिकटून उभे. एके दिवशी सकाळी एक साहेब जबाब घ्यायला आले. भाजलेली बाई, तेलुगूशिवाय काही येत नाही, आणि तेलुगू जाणणारा वॉर्डबॉय सुट्टीवर. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले.

तिचं नाव चंद्रा. एका कारखान्यासाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. खाटेवर कमान लावून पांढरी चादर टाकलेली, चेहरा तेवढा बाहेर. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं, त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. डॉक्टरांनी सांगितलं, बाई शुद्धीवर आहे. साहेबांनी विचारायला सुरुवात केली.

ती दोन शब्द बोलायची, श्वास घ्यायची, परत दोन शब्द. मी मागोमाग म्हणत गेले. मी चहा ठेवत होते. स्टोव्हचा भडका उडाला. कोणावर संशय आहे का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिने दाराकडे पाहिलं. दारात तिचा नवरा आणि सासू उभी होती. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली आणि नाही म्हणाली. मीही नाही म्हणाले. मग तिने मान माझ्याकडे वळवली.

“इंका उंदि,” ती म्हणाली.

“अजून आहे,” मी म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलंच होतं. लागतं तेवढं झालं, ते म्हणाले. हातांना पट्ट्या बांधलेल्या म्हणून तिच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. बाईंचं बोलणं संपलेलं नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, ताई, तुम्ही शिकाऊ ना? सरांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. दुपारी चंद्रा गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. आईला वाटलं, उन्हाचा त्रास.

तिला एक मुलगी होती, मौनिका, चार-पाच वर्षांची. हे मला कसं कळलं ते सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

पंधरवड्याने एक म्हातारा विणकर खोकला दाखवायला आला. सरांनी मला पुढे केलं. खोकला कधीपासून, थुंकीत रक्त पडतं का, सगळं नीट चाललं होतं. मग म्हातारा थांबला. दोन शब्द बोलला, श्वास घेतला, परत दोन शब्द. मी नियमाप्रमाणे बोलत होते, त्यामुळे काय बोलतेय ते माझ्याच कानांवर उशिरा पडलं.

“माझी मौनिका उंबऱ्यावर बसली आहे. तिला आत नेऊ नका.”

डॉक्टरांनी मान वर केली. मी म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, मौनिका कोण? तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं, आणि तो खोकल्याशिवाय काही बोलला नव्हता. डॉक्टरांनी चार कडक शब्द सुनावले. ते बरोबरच होते, मी पदरचं घातलं होतं. केसपेपर घेऊन उठताना म्हातारा खोकल्याच्या मधूनच अगदी हळू म्हणाला, इंका उंदि.

मी स्वतःची समजूत घातली. झोप नाही, परीक्षेची काळजी, डोक्यात तीच बाई. मनी वसे ते स्वप्नी दिसे. पुढच्या आठवड्यात मात्र नूरी नावाची एक गरोदर बाई आली. तिचा जन्म भिवंडीतला, घरात उर्दू, तेलुगूतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टरांना हिंदी येत होतं, म्हणजे माझी गरजच नव्हती, मी आपली कोपऱ्यात उभी. नूरी पाय सुजतात म्हणून सांगत होती आणि सांगता सांगता तिची मान माझ्याकडे वळली. दोन शब्द, श्वास, दोन शब्द. तेलुगूत.

“तिने सगळं पाहिलंय. तिला गावाला नेतील.”

डॉक्टर मान डोलावत सुजेबद्दलच लिहीत होते. त्यांना हिंदीच ऐकू येत होतं. नूरी परत त्यांच्याकडे वळली आणि मीठ किती खायचं ते विचारू लागली. मी मागच्या जिन्यात जाऊन बसले.

सरांना सांगितल्यावर ते मला वेड्यात काढतील आणि कोर्समधूनही, असं मी धरूनच चालले होते. मग भाऊंना तोंड कसं दाखवणार? तरी सांगितलं. सर ऐकत होते तसे त्यांच्या हातातला चहा निवत गेला. त्यांनी एकच विचारलं.

“माणूस वेगळा, पण श्वास तोच?”

मी हो म्हणाले. त्यांनी चहा बाजूला सारला. म्हणाले, कोर्टातली शेवटची काही वर्षं मी तोंडी काम घेत नव्हतो, फक्त कागद. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची मला हिंमत झाली नाही. निघताना म्हणाले, बोलणं अर्धं तोडलं की ते ज्या दुभाष्याच्या तोंडून निघत होतं त्याच्याकडेच राहतं. पुरं होऊ दे, पण एकटी असताना नको.

मी एकटीच चंद्राच्या चाळीत गेले, पत्ता केसपेपरवर होता. दुसरं काय करणार होते? पोरीला गावाला नेतील हे ऐकल्यापासून मला चैन पडत नव्हतं, आणि पोलिसांना सांगायचं तरी काय, एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून?

शुक्रवार होता. आठवड्याची सुट्टी म्हणून लूम बंद, त्यामुळे चाळीत एरवी न येणारे आवाज येत होते, नळाचा, कुणाच्या तरी रेडिओचा. चंद्राची खोली शेवटची. उंबऱ्यावर एक बारकी मुलगी बसली होती, फ्रॉकच्या आत गुडघे ओढून. समोरच्या दारात आनंदीबाई सुपात सुकट निवडत होत्या. मूळच्या मानकोलीच्या, आमच्यातल्याच. आई गेल्यापासून पोर आत पाऊल ठेवत नाही, त्यांनी सांगितलं. बोलतही नाही. जेवते माझ्याकडं, निजते माझ्याकडं. आणि उद्या पहाटेच्या गाडीने आजी तिला तेलंगणात गावी नेणार, बापही जाणार, खोली सोडली.

म्हणजे आजचाच दिवस.

सासू बाहेर आली. तिने मला ओळखलं, दवाखान्यातली मुलगी म्हणून. आडदांड वगैरे काही नाही, साधी थकलेली बाई, डोक्याला तेल, कपाळाला कुंकू. तिने मला बसायला पाट दिला, चहा दिला. पोरीला इथे कोण बघणार, गावी शेत आहे, म्हैस आहे, असं तेलुगूत सांगत होती. मला वाटलं, आपलंच चुकलं असणार. चांगली बाई आहे. कप तोंडाला लावला.

तेवढ्यात ती थांबली. तिने श्वास घेतला.

मी कप खाली ठेवला.

दोन शब्द. श्वास. दोन शब्द. तिचे डोळे माझ्यावर होते, पण त्यांत काहीच नव्हतं. मौनिकाने मान वर केली.

“काय बोलते गं ती?” आनंदीबाईंनी विचारलं. त्यांना तेलुगू येत नव्हतं.

मला गप्प बसता आलं असतं. पण समोर एकजण बोलत होतं, दुसरं विचारत होतं, आणि मध्ये मी होते.

“स्टोव्ह मी पेटवलाच नव्हता,” मी म्हणाले.

आनंदीबाईंच्या हातातलं सूप कलंडलं.

“मी कांड्या भरत खाली बसले होते. रॉकेल मागून आलं, डोक्यावरून. मग काडी ओढल्याचा आवाज. मौनिका दारात उभी होती.”

रेडिओ कुणीतरी बंद केला.

“दवाखान्यात ती दोघं दारात होती. पोर त्यांच्या ताब्यात होती. म्हणून मी नाही म्हणाले.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, म्हातारीचे ओठ मिटलेले आहेत. केव्हाचे मिटलेत कोण जाणे. ती घाबरून माझ्याकडे बघत होती, दवाखान्यात चंद्राने दाराकडे पाहिलं तशी, आणि मी बोलत होते. मराठीत बोलत होते की तेलुगूत, तेही मला सांगता येणार नाही, कारण दोघींनाही कळत होतं.

“तिला माझ्यापासून नेऊ नका,” मी म्हणाले. दोन शब्द, श्वास, दोन शब्द.

म्हातारी उठली. मी असलं काहीच बोलले नाही, ती तेलुगूत म्हणत होती, चहा निवतोय एवढंच म्हणाले. कदाचित तेच खरं होतं. कोर्टात मला विचारलं, तर मी शपथेवर काय सांगू? आनंदीबाई मात्र उठून पोरीच्या आणि त्या दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

“पोर कुठं न्हाय जायची,” त्या म्हणाल्या. “कोन नेतो त्यो बघतेच मी.”

बायका जमल्या. कोणीतरी चौकीवर माणूस धाडला. मी पाटावर बसूनच होते, उठायचं सुचत नव्हतं. आपलं काम संपलं, असं स्वतःला सांगत होते. बोलणं पुरं झालं, आता घरी जायचं, भाऊंना काय सांगायचं ते वाटेत ठरवू.

मौनिका उंबऱ्यावरून उठली. गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. माझे हात चांगले होते. नखांना आदल्या दिवशीचं नेलपॉलिश होतं.

“अम्मा,” ती म्हणाली, “इंका मंटगा उंदा?”

अजून आग होते का, असं ती विचारत होती. तिने माझा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत हळूहळू फुंकर घालू लागली.

आणि मला बरं वाटलं.